घरातील जीवाश्मसंग्रह : ओळख आणि मांडणी
लेखांक सातवा

रत्नागिरी परिसरात राहून जीवाश्मांचा लहानसा संग्रह करू पाहणाऱ्या अभ्यासकासमोरची पहिली अडचण ही, की त्याच्या पायाखालचा बहुतेक खडक जीवाश्म देऊ शकत नाही. जिल्ह्याचा पाया असलेला बेसाल्ट, म्हणजेच काळा कातळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्ह्याच्या रूपाने पसरून थिजलेला असल्यामुळे त्याच्या अंगात प्राण्याचा वा वनस्पतीचा अवशेष टिकण्याचा संभव जवळजवळ नसतो. त्यावरचा जांभा, ज्याची घडण मागील लेखांकात पाहिली, हा तर मूळ खडकातील विरघळणारी द्रव्ये प्रदीर्घ काळ पावसाने धुऊन नेल्यावर मागे उरलेल्या लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा बनलेला असतो, आणि ज्या प्रक्रियेत अख्खा खडक आपले मूळ रूप हरवून बसतो त्या प्रक्रियेत एखादे नाजूक कवच वा पान शाबूत राहण्याची अपेक्षा करता येत नाही. चिऱ्याच्या खाणीत आढळणाऱ्या वाकड्यातिकड्या नळ्या, ज्यांना पुष्कळदा किड्यांची किंवा मुळांची दगडी रूपे समजले जाते, त्या बहुतांशी याच झिजेतून निर्माण झालेल्या पोकळ्या असतात.

तरीही रत्नागिरीला स्वतःचे जीवाश्म आहेत, आणि ते जांभ्याच्या खाली आहेत. शहराच्या परिसरात विहिरी खोदताना जांभ्याचा थर ओलांडल्यावर काही ठिकाणी पांढरट ते निळसर चिकणमाती लागते व तिच्यात लिग्नाइटचे, म्हणजे कोळसा होण्याच्या वाटेवर असलेल्या तपकिरी-काळ्या लाकडाचे, पातळ थर, पानांचे ठसे आणि जीवाश्म राळेचे लहान गोळे आढळतात. एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांना हे थर ठाऊक होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सी. जे. विल्किन्सन यांनी दक्षिण कोकणाच्या भूरचनेवरील आपला निबंध १८७१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढील अभ्यासांत हे थर मायोसीन कालखंडातील, म्हणजे सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या दीर्घ अवधीतील, मानले गेले आणि त्यांना सिंधुदुर्ग शैलसमूह असे नाव मिळाले.

या थरांतील सर्वांत बोलका पुरावा डोळ्यांना दिसत नाही. मातीतून रासायनिक प्रक्रियेने वेगळे काढलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली तपासून फडतरे आणि कुलकर्णी या संशोधकांनी १९८४ मध्ये असे दाखवले, की क्विलोनिपोलेनाइटिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जीवाश्म परागांचे नाते युजिसोना या ताडकुळातील झाडाशी आहे. आणि हे झाड आज भारतात कोठेही उगवत नाही, ते मलाया द्वीपकल्पात व बोर्निओ बेटावर सापडते. आज वर्षाचे सात-आठ महिने कोरडा राहणारा कोकणचा सडा एके काळी बारमाही ओलाव्यावर जगणाऱ्या अरण्यांचा शेजारी होता, असा निष्कर्ष अशा पुराव्यांवरून निघतो. संग्राहकाच्या दृष्टीने यातील धडा अगदी व्यावहारिक आहे: विहिरीच्या खोदकामातून लिग्नाइटचा तुकडा मिळाला, तर त्याला चिकटलेली माती धुऊन टाकू नये आणि त्याच थरातील मुठीएवढा मातीचा गोळा स्वतंत्र पिशवीत, त्याच नोंदीसह जपावा. चकचकीत लाकडापेक्षा त्या मातीच्या गोळ्यात अधिक माहिती असू शकते, आणि दुर्दैवाने खोदकामाच्या ढिगाऱ्यात नेमकी तीच फेकली जाते.

स्थानिक सामग्री एवढी मर्यादित असल्यामुळे जिल्ह्यातील घरगुती संग्रहात बाहेरून आलेले नमुने अधिक असणे स्वाभाविक आहे, आणि त्यांतला सर्वाधिक जुना व सर्वाधिक घरांत असलेला नमुना देवघरात असतो. शाळिग्राम हा अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याचा जीवाश्म असून तो नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रात, मुक्तिनाथ व दामोदर कुंडाच्या परिसरातील काळ्या शेल खडकांतून सुटून येतो. या खडकांचे वय साधारणपणे १४ ते १६ कोटी वर्षे आहे. अमोनाइट हे आजच्या माकूल व नळ यांसारख्या मृदुकाय प्राण्यांचे दूरचे आप्त होते, त्यांचे वेटोळे कवच आतून पडद्यांनी कप्प्याकप्प्यांत विभागलेले असे, आणि शाळिग्रामावरील ज्या खुणेला चक्र म्हटले जाते ती म्हणजे या वेटोळ्याची व त्यावरील उंचवट्यांची दगडात उमटलेली आकृती होय. वज्रकीट नावाचा किडा हा पाषाण कोरतो ही पारंपरिक कथा शब्दशः खरी नसली, तरी या दगडाच्या आकृतीमागे एखादा जीव आहे हे निरीक्षण तिच्यात जतन झाले आहे.

पंचायतनाच्या पूजेत या दगडाशेजारी आणखी चार पाषाण येतात: शिवासाठी नर्मदेचा बाण, गणपतीसाठी शोण नदीतील तांबडा पाषाण, देवीसाठी सुवर्णमुखीतील धातूचे कण असलेला दगड आणि सूर्यासाठी स्फटिक. या पाचांपैकी जीवाश्म एकच आहे; तथापि संपूर्ण मांडणीचे वैशिष्ट्य असे, की बहुतेक पाषाण कोठून यावा हे ठरलेले आहे, आणि स्थळ बदलले तर वस्तू तीच राहत नाही. पुराजीवशास्त्र, म्हणजे प्राचीन जीवांच्या अवशेषांचा अभ्यास करणारे शास्त्र, संग्राहकाकडून नेमकी हीच शिस्त मागते. स्थळाची नोंद नसलेला जीवाश्म शोभेचा दगड असतो. स्थळ ठाऊक असलेला, पण नाव न लागलेला जीवाश्म मात्र शास्त्राच्या उपयोगाचा असतो, कारण नाव पुढे केव्हाही लावता येते आणि हरवलेले स्थळ कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळवता येत नाही.

म्हणूनच ओळख पटवण्याची सुरुवात चित्रांच्या पुस्तकाने न करता खडकाने करावी. अमोनाइट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीसे झाले. रत्नागिरीचे अवसादी थर, म्हणजे पाण्याने आणून टाकलेल्या गाळाचे थर, त्याहून कितीतरी अलीकडचे आहेत. त्यामुळे भाट्ये किंवा मांडवीच्या वाळूत सापडलेली वेटोळी वस्तू येथल्या भूमीतला अमोनाइट असणे शक्य नाही. ती आजच्या गोगलगायीचा शंख असते किंवा कोणाच्या हातून पडलेली, दुसरीकडून आलेली वस्तू असते. किनाऱ्यावर वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चुन्याने सांधून झालेला जो दगड मिळतो, त्यातील तिसऱ्या व कालवे ही बहुधा काही हजार वर्षांपूर्वीचीच असतात, आणि भूशास्त्राच्या मापाने ती अजून जीवाश्म होण्याच्या उंबरठ्यावर आहेत. अशा तुकड्याची ओळख ताज्या शिंपल्याशी तुलना करून लावणे सर्वांत सोपे जाते.

यानंतर ती वस्तू खरोखर सजीवाचा अवशेष आहे की निव्वळ तसा भास आहे, याची तपासणी येते. दगडाच्या फटीत उमटलेली काळ्या शेवाळासारखी फांद्याफांद्यांची नक्षी पुष्कळदा मँगनीजच्या ऑक्साइडची असते. तिला पानाचा देठ नसतो, शिरांची जाळी नसते आणि ती फटीच्या कडेपासून आत पसरलेली दिसते. दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत वाढलेले झिओलाइटचे पंख्यासारखे स्फटिकही फुले समजून विकले जातात. दहापट मोठे दाखवणारे भिंग येथे मोठे काम करते, कारण खऱ्या अवशेषात पुनरावृत्ती आणि रचना दिसते: लाकडात वाहिन्यांची छिद्रे व किरणांच्या रेषा, शिंपल्यात वाढीची वलये, प्रवाळात समान अंतरावरचे कप्पे. पुढची पायरी द्रव्याची आहे. सिलिकाने भरलेले लाकूड काचेवर ओरखडा पाडते, तर चुनखडीयुक्त कवच पाडत नाही. सौम्य आम्लाचा थेंब मागच्या बाजूच्या बारीक भुकटीवर टाकल्यास चुनखडी फसफसते व सिलिका तशीच राहते. ही परीक्षा नमुन्याच्या दर्शनी भागावर कधीही करू नये, आणि पूजेतल्या पाषाणावर तर मुळीच करू नये.

महाराष्ट्रातून मिळणाऱ्या नमुन्यांपैकी नवख्या अभ्यासकाला निश्चितपणे ओळखता येईल असा एक नमुना म्हणजे विदर्भातील लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमध्ये सापडलेल्या तळ्यांच्या गाळातील गोगलगाय. तिला सॉवरबी यांनी १८४० मध्ये फायसा प्रिन्सेपाय असे नाव दिले. तिचे टोक वर धरले असता तोंड डावीकडे येते, बहुतेक शंखांत ते उजवीकडे येते. आणि लाव्ह्याचे दोन लोट येण्यामधल्या शांत काळात तेथे गोड्या पाण्याची तळी होती, हे या एका शंखावरून सांगता येते. मुंबईतील वरळीच्या टेकडीतील अशाच थरांतून इवल्याशा बेडकांचे सांगाडे मिळाले होते, ज्यांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केले आणि ज्यांना आज इंडोबॅट्रॅकस म्हटले जाते. कोकणपट्टीतील बेसाल्ट जीवाश्म देत नसला, तरी त्याच्या थरांमधला गाळ कधी कधी देतो, हे या उदाहरणावरून ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मांडणीच्या बाबतीत परदेशी पुस्तकांतील सल्ला कोकणात जसाच्या तसा चालत नाही, कारण तो कोरड्या, थंड घरांसाठी लिहिलेला असतो. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८५ टक्क्यांच्या वर राहते आणि वाऱ्यात मीठ असते. लिग्नाइटमध्ये आणि काळ्या शेलमध्ये पायराइट, म्हणजे लोह व गंधक यांचे पितळी चमकीचे खनिज, बहुधा असते. आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांवर गेली की ते हवेतील प्राणवायूशी व ओलाव्याशी संयोग पावून गंधकाम्ल निर्माण करते, पृष्ठभागावर पांढरट-पिवळसर भुकटी दिसू लागते आणि काही पावसाळ्यांत नमुना आतून फुटून त्याचा चुरा होतो. याउलट विहिरीतून ओले निघालेले लिग्नाइटचे लाकूड एकदम वाळवले तर आकसते व त्याला भेगा पडतात. म्हणजे एकाच तुकड्याला कोरडेपणा हवाही असतो आणि घाईचा कोरडेपणा मारकही ठरतो. यावर मार्ग असा, की तुकडा बारीक छिद्रे पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सावलीत ठेवून तो काही आठवडे हळूहळू वाळू द्यावा आणि त्यानंतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. तुकडे सांधण्यासाठी व पृष्ठभाग घट्ट करण्यासाठी संग्रहालयांत ॲसिटोनमध्ये विरघळवलेले पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक रेझिन वापरतात, कारण ते पुढे ॲसिटोननेच काढून टाकता येते. फर्निचरचे व्हार्निश कायमचे बसते आणि पिवळे पडते, म्हणून ते टाळावे.

शिंपले आणि चुनखडीयुक्त जीवाश्मांना निराळा धोका असतो. प्लायवूड, दाबून केलेल्या फळ्या आणि त्यांतील गोंद यांमधून ॲसेटिक व फॉर्मिक आम्लाची वाफ सतत सुटत असते. बंद कपाटात ती साठते आणि ओलाव्याच्या साहाय्याने कवचाशी अभिक्रिया करून त्यावर पांढऱ्या क्षारांचा फुलोरा आणते, ज्याचे वर्णन लॉफ्टस बाइन यांनी १८९९ मध्ये केले होते. बुरशी समजून तो फुलोरा पुसला जातो आणि नमुना पुन्हा त्याच कपाटात जातो. नवे लाकडी शोकेस करून घेण्यापेक्षा काच किंवा ॲक्रिलिकची पेटी व तळाशी पॉलिथिलीन फोमचा थर ही व्यवस्था स्वस्तही पडते आणि सुरक्षितही राहते. नमुन्याखाली कापूस घालू नये. त्याचे धागे खडबडीत भागात अडकतात आणि तो ओल धरून ठेवतो.

प्रत्येक नमुन्याच्या अनाकर्षक बाजूस पांढऱ्या रंगाचा लहानसा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहावा आणि तोच क्रमांक वहीत व शेजारच्या चिठ्ठीवर असावा. चिठ्ठीवर नावाआधी स्थळ यावे: गाव, तालुका, विहीर वा खाण, पृष्ठभागापासूनची खोली, थराचा रंग, मिळाल्याची तारीख. विकत घेतलेल्या वस्तूच्या चिठ्ठीवर विक्रेत्याने सांगितलेले स्थळ ‘सांगितलेले’ असा स्पष्ट शब्द घालूनच लिहावे. नाव निश्चित नसेल तर वंशापर्यंत किंवा गटापर्यंतच थांबावे. ‘द्विदल शिंपला, जाती अनिश्चित’ ही चिठ्ठी चुकीच्या लॅटिन नावापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध असते. घरातील पूजेचा शाळिग्राम देवघरातून हलवू नये, पण त्याचे मोजमाप, छायाचित्र आणि तो घराण्यात कोणाकडून आला याची नोंद वहीत अवश्य असावी.

मांडणीचा क्रम आकाराने वा चमकीने न लावता काळाने लावल्यास लहान संग्रहही सलग वाचता येतो: गंडकीचा अमोनाइट, विदर्भातील गोगलगाय, रत्नागिरीचे लिग्नाइट आणि शेवटी किनाऱ्यावरचा शिंपल्यांचा दगड, एवढ्या चार वस्तूंत १४ कोटी वर्षांचा पट येतो. जीवाश्मांच्या मांडणीचे एक आगळे उदाहरण लखनौत आहे: पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी तेथील पुरावनस्पतिशास्त्र संस्थेच्या इमारतीसाठी जी कोनशिला घडवली, तिच्यात ७७ जीवाश्म बसवलेले आहेत. पंडित नेहरूंच्या हस्ते ३ एप्रिल १९४९ रोजी ती बसवली गेली आणि आठवडाभरातच साहनींचे निधन झाले.

जमवण्याला मर्यादाही आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात वडधम येथे अश्मीभूत वृक्षांचे जे उद्यान वनखात्याने राखले आहे, तेथील एकही तुकडा उचलणे योग्य नाही, आणि किनाऱ्यावरची प्रवाळे व काही शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. भूवारसा स्थळे व भूअवशेष यांच्या जतनासाठीच्या विधेयकाचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला होता, त्यामुळे या विषयाकडे शासनाचे लक्ष वळले आहे हे संग्राहकांनी ध्यानात ठेवावे. विहिरीच्या खोदकामात पानांचा स्पष्ट ठसा, हाड किंवा राळेत अडकलेला कीटक मिळाल्यास तो घरी मांडण्याऐवजी स्थळाच्या नोंदीसह अभ्यासकांकडे द्यावा. मालवणात जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाने पुण्यात उभी असलेली संशोधन संस्था आणि लखनौची साहनी संस्था या दोन्ही ठिकाणी अशा सामग्रीचा अभ्यास होतो. असा नमुना देताना वहीतील त्या क्रमांकापुढे तो कोठे व केव्हा गेला हे लिहावे आणि क्रमांक दुसऱ्या वस्तूला देऊ नये.

पुढील लेखांकात जीवाश्म राळ आणि अलीकडची राळ यांतील फरक कसा ओळखावा, याचा विचार करण्यात येईल.