वेताळ कोणत्या क्रमानं वाचावा?

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या घरांत दिवाळीची झाडलोट सुरू झाली की माळ्यावरून दोन गोष्टी हमखास खाली येतात: पितळेची भांडी आणि इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा. भांड्यांचं काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं, गठ्ठ्याचं नसतं. त्यात निम्मे अंक मराठी, चार-दोन कानडी, उरलेले इंग्रजी. काहींची मुखपृष्ठं गेलेली, काहींवर कोणाचं तरी नाव आणि इयत्ता. घरातलं कॉलेजचं पोरगं विचारतं, यातला पहिला कुठला? ते मार्व्हलवर वाढलेलं. कुठल्याही मालिकेला वाचनक्रम असतो आणि तो कोणीतरी आधीच लावून ठेवलेला असतो, अशी त्याची समजूत. इंद्रजालला मराठीत असा क्रम कोणी लावून दिला नाही. या लेखात तो लावून बघायचा आहे, आणि या नायकांचे संच आज कुठे, कोणत्या रूपात मिळतात तेही पाहायचं आहे.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेनं मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं. पुढे अमर चित्र कथा उभी करणारे अनंत पै तेव्हा टाइम्समध्येच होते आणि इंद्रजालच्या उभारणीत त्यांचा हात होता. पहिले ३२ अंक नुसते वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या 'फँटम'चे. मग जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर अशी मंडळी आली. आधी मासिक, मग पाक्षिक, शेवटी साप्ताहिक असा वेग वाढत गेला आणि १९९० मध्ये आठशेहून अधिक अंक काढून दुकान बंद झालं. इंग्रजीपाठोपाठ मराठी, हिंदी आणि तमिळ आवृत्त्या निघू लागल्या; कानडीही निघाली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला तोही याच दशकात, १९६६ मध्ये. आयोगाचा अहवाल कोणाला पटला, कोणाला नाही, तो वाद अजून चालू आहे. वेताळाच्या बाबतीत मात्र मराठी शाळेतलं पोर आणि कानडी शाळेतलं पोर तीच चित्रं आपापल्या लिपीत वाचत होतं, आणि अदलाबदल करायला कोणाची परवानगी लागत नव्हती. निपाणीत राहून अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात शिकणारा मुलगा तर रोज राज्य ओलांडतो. गाव कर्नाटकात आणि कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. त्याच्या दप्तरातल्या अंकानं कुठल्या राज्यातलं कॉमिक व्हावं?

आता क्रमाकडे. अंकावरचा क्रमांक बघून गठ्ठा लावायला गेलात तर फसाल. एक तर क्रमांकच सरळ नाहीत. १२३ आणि १२४ हे अंक संपामुळे निघालेच नाहीत, त्यामुळे ते शोधत बसलेल्या संग्राहकांनी उगाच झोप घालवली. साधारण ४४० अंकांनंतर सलग क्रमांक सोडून 'खंड अमुक, अंक तमुक' अशी पद्धत आली. त्याहून मोठी अडचण म्हणजे हे क्रमांक छपाईचे आहेत, गोष्टीचे नाहीत. ली फॉकनं वेताळाची रोजची चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू केली, रविवारची १९३९ मध्ये. इंद्रजालनं या दोन्ही साठ्यांतून हवं ते, हवं तेव्हा उचललं. त्यामुळे एका अंकात वेताळ नवरा-बाप झालेला आणि नंतरच्या एखाद्या अंकात पुन्हा प्रेयसी डायनाला भेटायला निघालेला सडाफटिंग, असं सहज घडतं. पानांत बसवण्यासाठी गोष्टी कापल्याही जात. वर्तमानपत्रात महिनोन् महिने चाललेली कथा तीसेक पानांत कोंबायची म्हटल्यावर चौकटी गळणारच. नावंही बदलली: बेंगालाचं डेंकाली झालं, सिंग चाचे सिंगा झाले, वेताळाच्या बापाचा मारेकरी रामा हा रामालू झाला. वाचकांच्या भावना सांभाळण्याची ही युक्ती आज हास्यास्पद वाटते, पण तेव्हा तिच्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की गठ्ठा क्रमांकानं न लावता चित्रकारानं लावावा. नाव छापलेलं नसलं तरी हात ओळखू येतो. रे मूरची पानं काळोखी, सावल्यांनी भरलेली. वेताळ त्यात खरोखर भुतासारखा वाटतो. विल्सन मॅकॉयची रेघ साधी, माणसं जरा बाहुल्यांसारखी, पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी. १९६१ मध्ये मॅकॉय वारल्यानंतर थोड्याच काळात काम सी बॅरीकडे आलं आणि त्यानं ते १९९४ पर्यंत केलं. भरघोस जंगल, पिळदार शरीरं, शहरातल्या गाड्यांपासून राष्ट्राध्यक्षांच्या दिवाणखान्यापर्यंत सगळं नीट काढलेलं. आपल्याकडच्या चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकाच्या डोक्यात जो वेताळ आहे तो बॅरीचा.

नव्या वाचकानं बॅरीपासून सुरुवात करावी, साठ-सत्तरच्या दशकातल्या गोष्टींपासून. हा सल्ला शुद्ध कालक्रमाच्या भक्तांना रुचणार नाही. त्यांना एक उदाहरण देतो. मार्व्हलचे 'एक्स-मेन' १९६३ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी काढले, पण सत्तरच्या सुरुवातीला मालिका इतकी थंडावली की पाचेक वर्षं जुन्याच गोष्टी पुन्हा छापत होते. १९७५ मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉकरम यांनी नवं पथक आणलं, आणि मग ख्रिस क्लेअरमाँटनं १९९१ पर्यंत ते लिहिलं. आज जाणकार वाचक नवख्याला थेट १९७५ वर नेऊन सोडतात. पहिले ६६ अंक नंतर, हौस असेल तर. वेताळाचंही तसंच. आधी चटक लागू दे, मग मुळाकडे जा.

मुळाकडे जाताना तीन मुक्काम चुकवू नयेत. पहिला १९३६ चा, सिंग चाच्यांचा. ही वेताळाची पहिलीच गोष्ट. फॉकच्या मनात मुखवट्यामागे जिमी वेल्स नावाचा चैनी श्रीमंत तरुण दाखवायचं होतं, पण गोष्ट चालू असतानाच त्यानं बेत बदलला आणि बापाकडून मुलाकडे चालत आलेला, चारशे वर्षांचा, मेला तरी न मरणारा वेताळ जन्माला आला. लेखक चालता चालता विचार बदलतोय हे पानांवर दिसतं, म्हणून ती वाचावी. दुसरा मुक्काम पट्ट्याच्या गोष्टीचा: बापाला मारून त्याचा कमरपट्टा नेणाऱ्याचा शोध. इंद्रजालचा पहिला अंक हाच होता आणि ती निवड अचूक होती. तिसरा १९७७ चा, वेताळ आणि डायनाचं लग्न. चाळीस वर्षं लांबलेलं हे लग्न. दोन वर्षांनी जुळी मुलं झाली, आणि एकविसाव्या वेताळानंतर कोण, हा प्रश्न पहिल्यांदा खरा झाला.

पूर्वज वेताळांच्या कथांना क्रम नाही. गुहेतल्या बखरींतून काढलेल्या त्या सुट्या गोष्टी आहेत, कुठेही घाला.

लग्नाची गोष्ट आणखी एका कारणासाठी महत्त्वाची. पाहुण्यांत मँड्रेक आणि त्याचा साथीदार लोथार होते. दोघांचाही जनक फॉकच, पण वेताळ आणि मँड्रेक आपापल्या जगात नांदत होते. इथे ते एका मांडवात आले. इंद्रजालच्या वाचकाला याचं फारसं नवल वाटलं नाही, कारण त्याच्या गठ्ठ्यात ते नेहमीच शेजारी होते. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेत 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' ही ६५ भागांची कार्टून मालिका आली आणि फ्लॅश गॉर्डन, वेताळ, मँड्रेक, लोथार यांचं रीतसर पथक झालं, प्रत्येकाच्या मुलाबाळांसकट. वेताळ तिथे सत्ताविसावा. मार्व्हलच्या स्टार विभागानं त्यावर १९८७ मध्ये चार अंक काढले आणि तो थांबला. २०१३ मध्ये डायनामाइटनं 'किंग्ज वॉच' या नावानं पाच अंकांत याच मंडळींना पुन्हा एकत्र आणलं. लेखक जेफ पार्कर. पथक म्हणून वाचायचं असेल तर हेच घ्या, आधी आणि शेवटीही. कार्टूनवरचे चार अंक फक्त पूर्णतावाद्यांसाठी.

मँड्रेकचा क्रम सोपा. १९३४ पासून फिल डेव्हिस, १९६५ पासून फ्रेड फ्रेडरिक्स. पहिल्या काळातला लोथार बिबट्याच्या कातड्यात, मोडकं बोलणारा दाखवला जाई; ते आज वाचवत नाही. फ्रेडरिक्स आल्यावर तो नीट कपडे घालतो, नीट बोलतो, मित्र म्हणून वागतो. तिथूनच सुरुवात करा. फ्लॅश गॉर्डनसाठी मात्र उलट: अ‍ॅलेक्स रेमंडची १९३४ पासूनची रविवारची पानं सोडून दुसरीकडे जाऊच नये. इंद्रजालच्या लहान आकारात त्याचा फ्लॅश गुदमरला असता.

आणि बहादूर. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला हा इंद्रजालचा स्वतःचा नायक. वर कुर्ता, खाली जीन्स. बाप दरोडेखोर, ज्या पोलिसाच्या हातून तो मेला त्यानंच पोराला वाढवलं. म्हणून बहादूर सूडाऐवजी नागरिकांचं सुरक्षा दल उभं करतो. सत्तरच्या दशकातल्या चंबळचं वातावरण त्यात आहे, आणि परदेशी पट्ट्यांमध्ये कधी न दिसलेली आपल्या गावांची ओळखही. नंतर लेखन जगजित उप्पल यांच्याकडे गेलं. बहादूर पहिल्यापासून क्रमानंच वाचावा, कारण त्याचं बालपण आणि दलाची उभारणी आधी न वाचता पुढचं वाचलं तर तो नुसता मारामारी करणारा वाटतो. गठ्ठ्यातला सगळ्यात मोलाचा ऐवज माझ्या मते हाच, आणि सगळ्यात दुर्लक्षितही.

आता संकलित आवृत्त्या. इंग्रजी वाचणाऱ्याची चंगळ आहे. हर्मिस प्रेसनं २०१० पासून वेताळाच्या रोजच्या पट्ट्या पहिल्या दिवसापासून क्रमानं, जाड बांधणीत काढल्या. टायटननं फ्लॅशची रविवारची पानं मोठ्या आकारात काढली आणि मँड्रेकही सुरू केला. ऑस्ट्रेलियात फ्रू ही संस्था १९४८ पासून वेताळ छापतेय. स्वीडनमध्ये 'फँटोमेन' १९५० पासून चालू आहे आणि तिथली मंडळी स्वतःच्या नव्या गोष्टीही रचतात. भारतात इंद्रजाल मिटल्यावर डायमंड कॉमिक्सनं वेताळ-मँड्रेकच्या जाड डायजेस्ट काढल्या, तमिळमध्ये राणी कॉमिक्सनं वेताळ जिवंत ठेवला, आणि अलीकडे रीगल पब्लिशर्स इंग्रजीत काढतात. आकार आणि छपाई पाहिली तर इंद्रजालपेक्षा उजवं काम आहे, भाव मात्र त्या मानानं चढा.

हिंदीवाल्यांची गोष्ट वेगळी. राज कॉमिक्सच्या नागराज, ध्रुव मंडळींचं 'ब्रह्मांड रक्षक' हे अस्सल देशी पथक. आणि अनुपम सिन्हांच्या आठ भागांच्या 'नागायण'ला तर वाचनक्रम विचारावा लागत नाही, रामायणासारखी कांडंच पाडलेली आहेत. बेळगावात हिंदी बऱ्याच जणांना येते, त्यामुळे ती वाटही मोकळी आहे.

मराठीत काय? मराठीतली एकमेव संकलित आवृत्ती म्हणजे गल्लीतल्या बाइंडरनं शिवून दिलेली. दहा-बारा अंक एकावर एक ठेवायचे, दाभण मारायचं, वरून पुठ्ठा आणि कापडी पट्टी, कडा कापून सारख्या करायच्या. त्यात मुखपृष्ठं जात, कधी संवादाची शेवटची ओळही कटिंगमध्ये जाई. भाड्यानं कॉमिक्स देणाऱ्यांना हे सोयीचं पडे, कारण सुटा अंक परत येत नसे. पण या बाइंडिंगमुळेच मराठी इंद्रजाल जे काही उरलंय ते उरलंय. सुटे अंक तर रद्दीत गेले. अशा खंडात एखादी गोष्ट दोन अंकांत वाटली असेल तर ती सलग सापडते, हा त्याचा आणखी एक गुण. ज्यानं कोणी तो क्रम लावून शिवायला दिला, तो आपल्या भागातला पहिला संपादक म्हणायला हरकत नाही.

मराठी माणसाला 'समग्र'चं वेड आहे, हे कोणी नाकारणार नाही. बेळगावचा लंपन प्रकाश नारायण संतांनी 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' अशा चार पुस्तकांत सांगितला. ती चारही मौजेनं काढली आणि कुठलं आधी, कुठलं नंतर, हे वाचक एकमेकांना आवडीनं सांगतात. फास्टर फेणेचेही संच निघाले. चित्रांच्या पुस्तकाला मात्र ही प्रतिष्ठा मिळाली नाही. ते पोरांचं, प्रवासातलं, टाकून द्यायचं, असं ठरून गेलं. वेताळाचे हक्क किंग फीचर्सकडे आहेत, ते घ्यायला पैसा लागतो, हे खरं. पण तमिळमध्ये जे जमलं ते मराठीत का जमू नये? निदान बहादूर तरी मराठीत एका जिल्दीत आला पाहिजे, आणि तोही पुनर्लेखन न करता, त्या वेळच्या भाषांतरासकट. ती भाषांतरं कोणी केली याची नावं अंकांवर नीट छापली गेली नाहीत. तरी आमच्या पिढीची पहिली वाचनसवय त्यांनी घडवली.

तोवर एक काम आपल्या हातचं आहे. माळ्यावरचा गठ्ठा भंगारवाल्याला घालू नका. प्रत्येक अंकाची भाषा, क्रमांक, साल आणि नायक एका वहीत लिहा, कानडी अंक असतील तर तेही. बाइंडिंग केलेले खंड उसवू नका. आणि घरात ठेवायला जागाच नसेल तर बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाकडे किंवा आपल्या गावच्या ग्रंथालयाकडे विचारून बघा. बेळगावचं वाचनालय १८४८ पासून पुस्तकं सांभाळतंय. कॉमिक्ससाठी एक कपाट मागायला आपणच जायला हवं.