आधी पत्रा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, एका गॅरेजच्या शेडखाली काकांची पद्मिनी उभी आहे आणि मिस्त्री तिच्या डाव्या दाराला लोहचुंबक लावून बघताहेत. जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक. ओरखडा उठू नये म्हणून फडक्यात गुंडाळलंय. बॉनेटवर ते टक्कन बसतं, मडगार्डवर बसतं, दाराच्या वरच्या भागावरही बसतं. हँडलच्या खाली आणलं की पकड सैल होते. आणखी वीतभर खाली मिस्त्री हात सोडतात, तर चुंबक सरळ जमिनीवर.

"लांबी हाय सायेब. चांगली जाड भरल्या."

लांबी म्हणजे खड्डा बुजवायला पत्र्यावर भरलेली पुट्टी, तिला चुंबक धरत नाही. काका काहीच बोलत नाहीत. गाडी 1982ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पद्मिनीसाठी तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघत बसावं लागे. आजोबांचा नंबर लागला तेव्हा काका कॉलेजात होते, आणि गाडी घरी आणली तीही त्यांनीच. रंग आकाशी. आता नुसता आकाशी म्हणण्यातही अर्थ नाही. टपावर तो पांढुरका झालाय, बॉनेटवर राखाडी, आणि डिकीच्या आतल्या बाजूला, जिथं ऊन कधी पोचलंच नाही, तिथं अजून इतका गडद आहे की तो दुसऱ्याच गाडीचा वाटावा.

रंगाचं टुमणं चुलतभावानं लावलंय. त्याला अख्खी गाडी पत्र्यापर्यंत सोलून नवी करायचीय, तीही मरून मेटॅलिकमध्ये. "आपल्या दसऱ्याला महाराजांची मेबॅक गाडी निघते तेव्हा कशी दिसते, बघा ना बाबा," तो म्हणतो.

"ती वर्षातनं एकदा निघते. ही रोज भाजीला जाते."

मिस्त्री हसतात. बॉनेटवरून बोट फिरवून ते माझ्यासमोर धरतात. बोटाच्या टोकाला निळसर भुकटी लागलीय. मग डबीतलं थोडं कंपाउंड फडक्यावर घेऊन डिकीच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा रगडतात. फडकं निळं होत जातं. दोन मिनिटांत त्या जागी शेडच्या ट्यूबलाइटची पांढरी रेघ सरळ उमटते. चुलतभाऊ वाकून बघतो आणि नकळत "अरे!" म्हणून जातो.

हा जुन्या एकेरी रंगाचा फायदा. हल्लीच्या गाड्यांवर रंगाचा पातळ थर आणि त्यावर काचेसारखा क्लिअर कोट असतो. क्लिअर कोट पोपडे धरून सुटू लागला की घासून काही उपयोग नाही, तो भाग नव्यानंच मारावा लागतो. एकेरी रंगात वरपासून खालपर्यंत एकच रंग असतो. उन्हानं मेलेला वरचा पापुद्रा घासून काढला की खालचा जिवंत रंग वर येतो. अर्थात घासणं म्हणजे रंग खर्च करणं. टपाच्या कडेला, जिथं वर्षानुवर्षं फडकं फिरलंय, तिथं आधीच खालचा प्रायमर डोकावतोय. "हितं आता कंपाउंड लावू नगा," मिस्त्री बजावतात, "हुता त्यो रंगबी जाईल."

पण त्यांचं खरं लक्ष त्या दाराकडं आहे. दार उघडून ते खाली बसतात आणि कडेच्या तळाशी तारेचा तुकडा खुपसून फिरवतात. आधी माती निघते, मग चहासारखं तपकिरी पाणी टपटपू लागतं. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतंच. ते बाहेर पडावं म्हणून तळाला भोकं ठेवलेली असतात. ती मातीनं बुजली की पाणी आतच तुंबतं आणि पत्रा आतून खाऊ लागतं. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. गाडीनं काही वर्षं रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात काढलीत, त्याचाही वाटा असणारच. दाराखालच्या पट्टीत मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर टेकवतात, जरा दाबतात, आणि तो मुठीपर्यंत आत जातो.

आता ते दाराच्या मधोमध रुपयाएवढी जागा पाणपेपरनं घासतात, कडा उतरती ठेवून, म्हणजे थर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे एकेक दिसतील. बाहेर आकाशी. आत करडा. त्याच्या आत काळा.

"काळा?" चुलतभाऊ विचारतो.

"ट्याक्सीचं दार हाय ह्ये. मुंबईचं."

काकांना एकदम आठवतं. अंबा घाटात ट्रकनं घासून नेलं होतं, ही बाजू चेपली होती. नवं दार मिळेना, तेव्हा कुणीतरी मुंबईहून जुनं पाठवलं होतं. इथं आकाशी मारून बसवलं आणि सगळे विसरले. इतकी वर्षं गाडीचा मूळ रंग म्हणून ज्याला हात लावू द्यायचा नव्हता, त्यातलं एक दार काळ्यापिवळ्याचं निघावं! मला हसू आवरत नाही. काकांनाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, त्यावर केवढं लिहून आलं. त्या जमातीतलं एक दार इथं गुपचूप भाजीला जातंय.

वातावरण सैल झाल्याचं पाहून मिस्त्री हिशेब सांगतात. नुसता वरून रंग मारायचा तर तीस-चाळीस हजारांत होईल, दिवाळीपर्यंत झकास दिसेल, पुढच्या पावसाळ्यात याच जागी पुन्हा फोड येतील. पत्र्यापर्यंत सोलायची तर लाखाच्या आतबाहेर. त्यात काचा उतरवायच्या, क्रोमच्या पट्ट्या काढायच्या. जुनं रबर काढताना तुटलं तर दुसरं शोधायचं, पट्टीच्या क्लिपा मोडल्या तर त्याही शोधायच्या. आणि मरून करायची तर आरटीओला कळवून आरसीवर रंगाची नोंद बदलून घ्यायची. चुलतभावाचा चेहरा आरटीओच्या नावानं पडतो, लाखाच्या आकड्यानं पडला नव्हता.

माझं मत कुणी विचारत नाही, तरी मी देतो. फिका रंग दिसायला वाईट, पण प्रायमर शाबूत आहे तोवर पत्र्याचं फारसं बिघडत नाही. नव्या रंगाखाली राहिलेला गंज मात्र गाडी संपवतो. आपल्याकडं जुनी गाडी रंगवतात ती बहुतेक वेळा विकण्यासाठी किंवा पाहुण्यांसाठी, आणि दोन्हींत लांबी स्वस्त पडते.

"म्हणजे दार आणि पट्टी," काका म्हणतात. "सडलेलं कापा, नवा पत्रा जोडा, आतनं गंजरोधक मारा. टपाच्या कडेला तेवढा हात फिरवा. बाकी गाडी घासून मेण लावा."

"आणि दाराचा शेड?" मिस्त्री विचारतात. "डिकीच्या आतला धरू का भाईरचा?"

खरा पेच हाच. डब्यावरच्या नंबराप्रमाणं रंग आणला तर तो 1982चा आकाशी येईल आणि फिक्या गाडीवर ते दार ठिगळासारखं उठून दिसेल. बाहेरच्याशी जुळवायचा तर पांढरा, निळा, किंचित काळा, कदाचित थेंबभर पिवळा असं डोळ्यानं मिसळत बसायचं, पुठ्ठ्यावर मारून वाळवायचं आणि उन्हात नेऊन गाडीला लावून बघायचं, कारण ओला रंग एक दिसतो आणि वाळला की दुसरा. चुलतभावाला आतला हवाय: पुढं कधी अख्खी केलीच तर निदान एक दार तयार असेल. काका डिकी उघडून आत बघतात, बंद करतात, बॉनेटपाशी जातात.

"भाईरचा."

"मग टाइम लागंल. आन् ह्या हवेत मी गन धरत न्हाई." बाहेर भाद्रपदाची भुरभुर चालू आहे. हवेत ओल असली की रंग वाळताना पांढरट पडतो, कंप्रेसरच्या पाइपातूनही पाणी येतं. "पत्र्याचं काम आत्ता करतो, प्रायमर मारून ठिवतो. रंग दसऱ्यानंतर."

"तोवर प्रायमरवरच फिरू?"

"फिरा की. फकस्त पावसात उभी करू नगा, प्रायमर पानी पितो."

दर ठरवताना ओढाताण होते. शेड जुळवायची मजुरी वेगळी का, यावर काका अडून बसतात. मिस्त्री म्हणतात, तयार डब्यातला मारतो, मग वेगळी नको. काका निमूटपणे खिशातून पैसे काढतात. मिस्त्री न मोजता ते वरच्या खिशात घालतात आणि चुलतभावाकडं वळतात. "दादा, पायातली म्याटं आन् फुडची शिट भाईर काढून घ्या. आन् ब्याटरीची वायर सोडवा, येल्डिंग हाय."

"पाना कुठंय?" चुलतभाऊ शर्टाच्या बाह्या सरसावत विचारतो.