मोटारसायकलच्या बॅटरीचें माप

रत्नागिरी जिल्ह्यांतील शेतकऱ्याचें मोटारसायकलवांचून आज पानही हालत नाहीं, हें सांगावयास नको. कलमांच्या बागेंत फवारणीचें औषध नेणें, गड्यांस आणणें, बाजारहाट करणें आणि पावसाळ्यांत रात्रीं-अपरात्रीं औषधपाण्यासाठीं धांवणें, हीं सर्व कामें तिच्यावरच होतात. असें असूनही टाकींतील पेट्रोल रोज पाहणारा मनुष्य बॅटरींत वीज किती शिल्लक आहे हें वर्षांतून एकदांही पाहत नाहीं. ही उणीव एका लहानशा मापकानें दूर करतां येते. तो कसा वापरावा, एवढेंच सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

दोन वर्षांपूर्वींच्या श्रावणांतील गोष्ट. शेजारच्या वाडींतील एका गड्यास भाताची बेणणी करीत असतां सर्पदंश झाला. आमची मोटारसायकल आठ-दहा दिवस पडवींत उभी होती. चावी फिरवितांच फलकावरील दिवे लागले, हॉर्नही बारीक आवाजांत वाजला. परंतु स्टार्टर दाबतांच दिवे मालवले व 'कट् कट्' असा आवाज होऊन सर्व शांत झालें. दोघांनीं मिळून गाडी उतारावर ढकलून पाहिली, तरी उपयोग झाला नाहीं. अखेर रिक्षा मिळाली, रोगी आरोग्यकेंद्रांत पोंचला व सुदैवानें बरा झाला. पण पाऊण तास फुकट गेला. सर्पदंशाच्या रोग्याला पाऊण तासाची किंमत काय असते, हें कोंकणांतील मनुष्यास समजावून देणें नको. दुसऱ्या दिवशीं माप घेतलें तों ११.७ व्होल्ट भरले. तेंच माप आठ दिवस आधीं घेतलें असतें, तर हा प्रसंग टळला असता.

पूर्वींच्या बहुतेक गाड्यांस असा प्रसंग क्वचितच येई. त्यांची ठिणगी इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या विजेवर पडत असे. बॅटरी मेलेली असली तरी दोन किका मारल्या कीं गाडी चालू होई. आतां ती सोय बव्हंशीं उरली नाहीं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिन चालू असतांना सदैव जळत राहतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले व बहुतेक मोटारसायकलींत कार्बुरेटरच्या जागीं पेट्रोल फवारणारी विद्युत् योजना आली. तिचा पंप आणि तिच्यावर हुकमत चालविणारी पेटी, दोन्ही विजेवर चालतात. कित्येक गाड्यांस किकही राहिलेली नाहीं. बॅटरी पुरती उतरली म्हणजे अशी गाडी ढकलूनही बहुधा चालू होत नाहीं.

आतां बॅटरींतील शिल्लक कशी ओळखावी तें पाहूं. नेहमींची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे शिसें व गंधकाम्ल यांच्या सहा घरांची मालिका होय. पूर्ण भरलेल्या प्रत्येक घराचा विद्युद्दाब सुमारें २.१ व्होल्ट असतो. म्हणून सहा घरांचा मिळून १२.६ च्या वर जातो. वीज खर्च होत गेली कीं आम्ल पातळ होतें व दाब उतरतो. विहिरींत दोरी सोडून पाण्याची खोली पाहावी, तसेंच हें माप आहे. मात्र उपसा चालू असतांना विहिरीची खरी पातळी कळत नाहीं, हें आपण जाणतोंच. बॅटरीचेंही तसेंच आहे. दिवा जळत असतां माप खरें मिळत नाहीं. गाडी नुकतीच फिरवून आणली असतां तें फुगून येतें. म्हणून गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळीं चावी फिरविण्यापूर्वीं माप घ्यावें.

यासाठीं मिळणारा मापक आगपेटीएवढा असून त्यावर आंकडे उमटतात. त्याच्याबरोबर दोन तारांचा एक तुकडा येतो. तांबडी तार बॅटरीच्या धन टोकास व काळी ऋण टोकास एकदांच कायमची जोडावी आणि तिचें तोंड बैठकीच्या बाजूस, पाणी लागणार नाहीं अशा जागीं, झांकण घालून ठेवावें. माप पाहिजे तेव्हां मापक त्या तोंडांत खोंचावा व पाहून झाल्यावर काढून घ्यावा. कारण खोंचून ठेवलेला मापक स्वतःही थोडी वीज खात राहतो. तांबड्या तारेंत धन टोकाजवळ फ्यूज असलाच पाहिजे. तो नसेल तर तार घासून उघडी पडल्यास आग लागण्याचें भय आहे. भ्रमणध्वनी भारित करण्याच्या छिद्रांत खोंचावयाचे मापकही मिळतात; परंतु तें छिद्र बहुधा चावी फिरविल्यावरच जिवंत होत असल्यानें विसाव्याचें माप त्यावर मिळत नाहीं. स्वस्त मापकाचा आंकडा थोडाफार चुकतो. सबब एकदां तो मोटार-विजेच्या कारागिराकडील चांगल्या मीटरशीं ताडून पाहावा व फरक मापकाच्या पाठीवर लिहून ठेवावा.

विसाव्याच्या मापाचा अर्थ साधारणपणें येणेंप्रमाणें:

१२.६ व त्याहून अधिक — बॅटरी भरलेली.
१२.४ — सुमारें तीन चतुर्थांश. आतां भारित करावी.
१२.२ — सुमारें निम्मी; विलंब करूं नये.
१२.० — सुमारें एक चतुर्थांश. गाडीवर विसंबूं नये.
११.९ च्या खालीं — उतरलेली.

बंद जातीच्या बॅटरीचा आंकडा पूर्ण भरल्यावर एक-दोन दशांश अधिक दिसतो. जुन्या ६ व्होल्टच्या गाडीस वरील आंकडे निम्मे करून घ्यावे. लिथियमच्या बॅटरीस हें कोष्टक लागू नाहीं. १२.६ पासून १२.० पर्यंत अंतर अवघें सहा दशांशांचें आहे. पण तेवढ्यांत बॅटरीचा तीन चतुर्थांश सांठा संपतो, हें लक्षांत ठेवावें. दिवा व हॉर्न यांवरून परीक्षा करणारे येथेंच फसतात. त्यांना लागणारी वीज थोडी असल्यामुळें अर्धी उतरलेली बॅटरीही तीं चालविते. स्टार्टरची ओढ मात्र फार मोठी असते.

यानंतर आणखी दोन मापें घ्यावीं. स्टार्टर दाबतांना आंकडा क्षणभर खालीं येतो. भरलेल्या बॅटरीचा तो दहाच्या खालीं फारसा जाऊं नये. नऊच्याही खालीं जात असेल तर बॅटरी थकली असें समजावें. पुढें इंजिन चालू करून मध्यम वेगावर आंकडा पाहावा. तो साधारणतः साडेतेरा ते साडेचौदा असावा. तेराच्या वर चढतच नसेल, तर गाडी बॅटरीस भरीत नाहीं; दोष तारांत, जनित्रांत किंवा नियंत्रकांत आहे. पंधराच्या वर जात असेल तर नियंत्रक बिघडला असून बॅटरींतील पाणी आटत आहे. दोन्ही स्थितींत नवी बॅटरी घालणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें होय.

विसाव्याचा आंकडा वरचेवर उतरत असेल तर दोष बॅटरीचा कीं गाडीचा, हेंही मापकावरून कळतें. बॅटरी पूर्ण भरून ऋण टोक सोडून ठेवावें. दोन-तीन दिवसांत ती तशीच १२.४ च्या खालीं गेली, तर तिचें आयुष्य संपलें. सोडून ठेवल्यावर टिकते व जोडल्यावर उतरते, तर गाडींतच कोठें तरी वीज झिरपत आहे. पुष्कळ वेळां दोष दोहोंचाही नसतो, दोष आपल्या फेऱ्यांचा असतो. घरापासून बागेपर्यंत एक-दोन किलोमीटर जावयाचें, आणि तेवढ्यासाठीं दिवसांतून आठ वेळां स्टार्टर दाबावयाचा. यांत घेतलेली वीज परत भरून येत नाहीं. अशांनीं आठवड्यांतून एकदां तरी अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवावी.

आपल्याकडील मुख्य संकट पावसाळ्याचें आहे. आंब्याचा हंगाम संपला कीं कित्येक गाड्या पडवींत उभ्या राहतात. मुंबईकर चाकरमान्यांच्या गाड्या तर मे महिन्यानंतर थेट गणपतीलाच बाहेर निघतात. उभी बॅटरी आपोआप उतरते. उतरलेल्या स्थितींत पडून राहिली म्हणजे तिच्या पत्र्यांवर कठीण पुटें बसतात व मग ती पुरती भरत नाहीं. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर आधीं बॅटरी भरून घ्यावी, ऋण टोक सोडावें आणि दर महिन्यास माप घेऊन आंकडा १२.४ च्या खालीं जाऊं देऊं नये. टोकें सोडतांना आधीं ऋण व मग धन, आणि जोडतांना याच्या उलट, असा क्रम ठेवावा. म्हणजे पाना चुकून सांगाड्यास लागला तरी ठिणगी उडत नाहीं.

भारित करण्यास मोटारसायकलसाठींच असलेला लहान चार्जर वापरावा. बॅटरीवर लिहिलेल्या अँपिअर-तासांच्या दशांशाएवढा प्रवाह पुरे. ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस अर्धा अँपिअर. ट्रॅक्टरचा मोठा चार्जर तिला सोसत नाहीं. भरतांना ज्वालाग्राही वायु निघतो, म्हणून जागा मोकळी असावी व जवळ विडी-काडी ओढूं नये. उघड्या जातीच्या बॅटरींत पाणी कमी झाल्यास केवळ शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. विहिरीचें पाणी अथवा नवें आम्ल घालूं नये. बंद बॅटरी उघडूंच नये. खाऱ्या हवेनें टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढते. टोकें सोडून ती खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानें पुसावी, तें पाणी घरांच्या तोंडांत जाऊं देऊं नये, आणि कोरडें करून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा.

मृगापासून दसऱ्यापर्यंत दर बाजाराच्या दिवशीं सकाळीं एकदां आंकडा पाहून तो दिनदर्शिकेवर टिपून ठेवावा. एका आंकड्यापेक्षां चार-पांच आठवड्यांची उतरती ओळ अधिक बोलते. या कामास दोन मिनिटें पुरतात. रात्रीच्या पावसांत दारीं कोणी मदतीस धांवून आलें असतां आपली गाडी पहिल्याच दाबानें चालू व्हावी, एवढ्यासाठीं तीं खर्च करावीं.