लॅटिन चौरस आणि त्याचा जोडीदार

परभणीच्या परिसरातील काळी जमीन दुरून एकसारखी दिसते. तथापि एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत जाताना मातीची खोली, उतार आणि ओल यांत फरक पडत जातो, हे शेत कसणारास पुरते ठाऊक असते. फरक एकाच दिशेने पडत असेल तर प्रयोगकर्त्याचे काम सोपे असते. शेताच्या पट्ट्या पाडून प्रत्येक पट्टीत सर्व वाण एकेकदा पेरले की जागेचा पक्षपात नाहीसा होतो. परंतु खोली पूर्वेकडे आणि ओल दक्षिणेकडे वाढत असेल, तर एखाद्या वाणाचे उत्पन्न अधिक आले ते वाणाच्या गुणाने की जागेच्या गुणाने, हे अशा पट्ट्यांवरून ठरविता येत नाही. अशा वेळी पाच वाणांसाठी पंचवीस वाफ्यांचा चौरस आखतात आणि प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत एकदा व प्रत्येक रकान्यात एकदा येईल अशी योजना करतात. हाच लॅटिन चौरस होय. १९७२ साली परभणी येथे स्थापन झालेल्या व २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या संस्थांतून जे क्षेत्रप्रयोग चालतात, त्यांच्या शास्त्रातील हा एक मूलभूत पाठ आहे.

नावातील ‘लॅटिन’ या शब्दाने भाषेच्या अभ्यासकाची दिशाभूल होऊ नये. ऑयलर या गणितज्ञाने चौरसाची घरे लॅटिन अक्षरांनी भरली, एवढाच त्याचा अर्थ. मात्र ही मांडणी भाषाविज्ञानाच्या प्रयोगांतही उपयोगी पडते. श्रोत्यांना निरनिराळी वाक्ये निरनिराळ्या क्रमाने ऐकवावयाची असतात, तेव्हा क्रमाचा परिणाम वेगळा काढण्यासाठी हाच चौरस वापरतात.

लॅटिन चौरस कोणत्याही कोटीचा असू शकतो, हे सिद्ध करण्यास काही कष्ट पडत नाहीत. पहिल्या ओळीत अक्षरे क्रमाने लिहावीत, पुढील प्रत्येक ओळ एक अक्षर पुढे सरकवून सुरू करावी आणि शेवट आला की पुन्हा आरंभापासून घ्यावे, चौरस तयार. यास चक्रीय चौरस म्हणू. चौरसांची संख्या मात्र चकित करणारी आहे. पाच कोटीचे चौरस १,६१,२८० आहेत, तर सहा कोटीचे ८१,२८,५१,२००. पहिली ओळ व पहिला रकाना ठरीव क्रमाने मांडलेले, म्हणजे प्रमाणित, चौरसच मोजले, तर चार कोटीचे ४, पाच कोटीचे ५६ आणि सहा कोटीचे ९,४०८ निघतात.

रचनेचा एक गुण येथेच नोंदविला पाहिजे. चौरस ओळीमागून ओळ असा भरत गेल्यास आणि कोणत्याही रकान्यात अक्षराची पुनरुक्ती होऊ न दिल्यास वाट कोठेही बंद होत नाही. काही ओळी नियमाप्रमाणे भरलेल्या असल्या की उरलेल्या ओळी भरता येतातच, हे मार्शल हॉल याने १९४५ साली सिद्ध केले. घरे मात्र इतस्ततः भरली तर ही हमी राहत नाही. चौरसाची कोटी जेवढी तेवढी घरे भरल्याने अडचण उत्पन्न होऊ शकते. त्याहून एक जरी घर कमी भरलेले असेल तरी चौरस पूर्ण होतो. हे दुसरे विधान इव्हान्स याने १९६० साली अटकळ म्हणून मांडले आणि स्मेटानियक याने १९८१ साली सिद्ध केले.

खरा कठीण प्रश्न एका चौरसाचा नव्हे, जोडीचा आहे. समजा, खरिपात पाच वाणांचा प्रयोग एका शेतात लॅटिन चौरसाने केला आणि रब्बीत त्याच वाफ्यांवर खताच्या पाच मात्रा तपासावयाच्या आहेत. खरिपाच्या पिकाचा मागे राहिलेला परिणाम खताच्या परिणामात मिसळू नये, असे वाटत असेल तर तीन गोष्टी साधाव्या लागतात. प्रत्येक मात्रा प्रत्येक ओळीत एकदा यावी, प्रत्येक रकान्यात एकदा यावी, आणि प्रत्येक वाणाच्या जागी एकदाच यावी. असे जमले तर दुसरा चौरस पहिल्यास लंब आहे असे म्हणतात.

ऑयलरने दुसऱ्या चौरसासाठी ग्रीक अक्षरे घेतली. मराठी वाचकास त्याची गरज नाही. बाराखडी हे काम अधिक नीटसपणे करते. वाणांना व्यंजने आणि खताच्या मात्रांना स्वरांच्या मात्रा दिल्या की प्रत्येक वाफ्यात एक पूर्ण अक्षर उभे राहते :

का गी तू पे मो
गू ते पो मा की
तो पा मी कू गे
पी मू के गो ता
मे को गा ती पू

प्रत्येक ओळीत व प्रत्येक रकान्यात पाचही व्यंजने आणि पाचही स्वर आहेत. शिवाय पंचवीस अक्षरांपैकी एकही दोनदा आलेले नाही. एकावर एक चौरस ठेवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. नारायण पंडिताने १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त भद्रगणितासाठी ‘छाद्य’ व ‘छादक’ अशा दोन चौरसांचा संपुट सांगितला आहे. ते चौरस लॅटिन असतातच असे नाही, पण कल्पनेची जातकुळी तीच.

जोडीदार का मिळत नाही, याचे एक कारण अगदी थोडक्यात सांगता येते. जोडीदार असेल तर त्यातील एका मात्रेची सर्व घरे पाहावीत. ती प्रत्येक ओळीतून एक, प्रत्येक रकान्यातून एक अशी निवडलेली असतात आणि त्यांवर पहिल्या चौरसातील प्रत्येक अक्षर एकेकदा येते. अशा निवडीस छेदिका म्हणू. आता ओळी, रकाने व अक्षरे यांना ० पासून क्रमांक दिले, तर चक्रीय चौरसातील अक्षराचा क्रमांक म्हणजे ओळ व रकाना यांच्या क्रमांकांची बेरीज, कोटीने भागून उरलेली. छेदिकेवरील सर्व घरांची बेरीज केली तर ओळींची बेरीज अधिक रकान्यांची बेरीज ही अक्षरांच्या बेरजेशी जुळली पाहिजे. परंतु तिन्ही बेरजा एकच आहेत. तेव्हा ती बेरीज कोटीने निःशेष भागली गेली पाहिजे. कोटी विषम असेल तर ती भागली जाते. सम असेल तर कोटीच्या निम्मी बाकी उरते. म्हणून सम कोटीच्या चक्रीय चौरसात छेदिकाच नसते, मग जोडीदार कोठून असणार?

हा दोष चक्रीय रचनेचा आहे, सम कोटीचा नव्हे. चार कोटीच्या ४ प्रमाणित चौरसांपैकी चक्रीय जातीच्या तिघांना जोडीदार नाही, चौथ्यास आहे. पाच कोटीत उलट प्रकार : ५६ पैकी चक्रीय जातीच्या फक्त ६ चौरसांना जोडीदार मिळतो, बाकीच्या ५० ना मिळत नाही. प्रयोगशास्त्राच्या नियमाप्रमाणे ज्याने खरिपाचा चौरस चिठ्ठी टाकून निवडला, त्याने रब्बीची वाट बहुधा स्वतःच बंद केलेली असते. जोडी हवी असेल तर ती पहिल्या पेरणीपूर्वीच ठरविली पाहिजे.

सहा कोटीत तर एकही जोडी नाही. सहा पलटणींतील, सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी उभे करण्याच्या रूपाने ऑयलरने हा प्रश्न १७७९ साली मांडला. निबंध १७८२ साली छापला गेला. विषम कोटी आणि चाराने भाग जाणारी कोटी यांसाठी जोड्या रचण्याच्या रीती त्याच्यापाशी होत्या. राहिलेल्या ६, १०, १४, १८ इत्यादी कोटींत जोडी नसावी, अशी अटकळ त्याने केली. गॅस्तों तारी याने १९०० च्या सुमारास सहा कोटीचे सर्व प्रकार तपासून तेवढ्यापुरती ती खरी ठरविली. दहा कोटीत मात्र न सापडणे हाच पुष्कळ काळ न असण्याचा पुरावा मानला गेला. दोनपुरती आणि सहापुरती खरी असलेली गोष्ट अनंत संख्यांपुरती खरी मानण्यास याहून अधिक आधार नव्हता.

ती अटकळ मोडणाऱ्या तिघांपैकी एक शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. १९१७ साली सागर येथे जन्म, नागपूर येथे शिक्षण, आणि पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे अध्यापन. त्यांचे गुरू राजचंद्र बोस अमेरिकेत उत्तर कॅरोलायना विद्यापीठात होते. त्या दोघांनी १९५९ साली २२ कोटीची जोडी उभी केली.

तिचे मर्म असे. पंधरा मुली, सात दिवस, रोज पाच त्रिकुटे, आणि कोणत्याही दोघी आठवड्यात एकदाच एकत्र, अशी कर्कमनची जुनी योजना आहे. प्रत्येक दिवसासाठी एक नवी व्यक्ती घेऊन ती त्या दिवसाच्या पाचही त्रिकुटांत मिळविली, तर ३५ चौकड्या होतात. सात नव्या व्यक्तींचा आणखी एक गट करावा. आता २२ जणांपैकी कोणतेही दोघे नेमक्या एकाच गटात एकत्र येतात. चार व सात कोटींच्या जोड्या अशा निवडता येतात की कर्णावरील प्रत्येक घरात त्या ओळीचेच चिन्ह राहील. त्या गटागटांवर बसविल्या आणि कोणत्याही दोघांच्या छेदाचे घर त्यांच्या गटाच्या चौरसावरून भरले की २२ कोटीची जोडी पूर्ण होते.

त्याच वर्षी पार्कर याने दहा कोटीची जोडी दिली आणि तिघांनी मिळून सहाच्या पुढील अशा सर्व कोटींचा निकाल लावला. तो निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही वार्ता पहिल्या पानावर छापली होती, शुद्ध गणितास असे भाग्य क्वचितच लाभते. दहा कोटीचे परस्परांस लंब असलेले तीन चौरस आहेत किंवा नाहीत, हे मात्र अद्याप ठरलेले नाही. नऊ नाहीत एवढे १९८९ साली लॅम व त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या दीर्घ शोधाने दाखविले.

सहा वाण घेऊन दोन हंगामांचा असा प्रयोग योजणाऱ्यास हा निकाल प्रत्यक्ष बांधतो. कितीही चौरस तपासले तरी त्याच्या ३६ वाफ्यांवर खताच्या सहा मात्रा वरील तिन्ही अटी पाळून बसणार नाहीत. सहा वाणांच्या जोडीस तुलनेसाठी एक स्थानिक वाण घेऊन ४९ वाफे आखले, तर सात ही मूळ संख्या असल्यामुळे परस्परांस लंब असे सहा चौरस केवळ बेरीज-गुणाकाराने लिहिता येतात. तेरा वाफ्यांचा खर्च तेवढा वाढतो.