पोटातले बाळ आणि रोज्याची सवलत

रमजानमध्ये गरोदर सुनेने रोजा धरला नाही, तर मोहल्ल्यात कुजबुज होते. वास्तविक आईला किंवा बाळाला अपाय होण्याची भीती असेल, तर रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत इस्लामने दिली आहे.

बाळाची वाढ दिसत नसली तरी मोजता येते. सहाव्या महिन्यानंतर टेपने मोजलेली गर्भाशयाची उंची साधारण जितके आठवडे, तितके सेंटीमीटर भरते. ती मागे पडली, की सोनोग्राफीत डोके, पोट व मांडीचे हाड मोजतात. रक्तक्षय, तंबाखू, मिश्री यांनी वाढ खुंटते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून झालेल्या अभ्यासात दूध, पालेभाज्या, फळे वरचेवर खाणाऱ्या मातांची बाळे वजनाने सरस आढळली.

सहरीसाठी सुनेला हाक मारणाऱ्या सासूबाईंनी आधी तिचे माता-बाल संरक्षण कार्ड पाहावे.