लहान आकड्याची खातरजमा

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२०च्या अहवालात २८ नोंदणी केंद्रांचे २०१२ ते २०१६ या काळातले आकडे आहेत. पुरुषांमधलं सर्वाधिक प्रमाण मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्याचं आहे. लोकसंख्येतल्या वयाचा फरक वजा करून ते वर्षाला दर लाखामागे २६९.४ येतं. सर्वांत कमी प्रमाण आपल्या उस्मानाबाद-बीडचं, ३९.५. यात आनंद मानायचा का? आकडा मोठा असला की आजाराची चर्चा होते. लहान असला की आधी मोजणाऱ्याचीच झडती घ्यावी लागते: रोगी खरंच कमी आहेत, की त्यांच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही?

हा प्रश्न या भागात जुना आहे, पण मोजणीची सुरुवात शहरातून झाली. मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. १९८२पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कार्यक्रमात मुंबई, बंगळूर आणि मद्रास ही शहरं आली. शहरात हे काम कष्टाचं असलं तरी त्याची वाट ठरलेली असते. नोंदणीचे कर्मचारी इस्पितळांच्या रेकॉर्ड रूममध्ये, पॅथॉलॉजी लॅबमध्ये आणि पालिकेच्या मृत्यू नोंदणी कार्यालयात जाऊन कागद चाळतात. नाव, वय, पत्ता, कुठल्या अवयवाचा कर्करोग, निदान कधी आणि कशावरून झालं, हे सगळं उतरवून घेतात. नाव लागतं ते दुबार नोंद टाळण्यासाठी. एकच बाई आधी गावाजवळच्या दवाखान्यात, मग सोलापूरला, शेवटी मुंबईच्या ‘टाटा’ रुग्णालयात जाते, एका ठिकाणी माहेरचं नाव लागतं, दुसरीकडे सासरचं. ते जुळवलं नाही तर एका बाईचे तीन रोगी होतात. छापील अहवालात मात्र नावं जात नाहीत.

खेड्यात ही वाटच नव्हती. माणूस दुखणं अंगावर काढायचा, घरीच जायचा आणि मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरने लिहिलेलं कारण बहुधा नसायचंच. चाळायला कागद नाहीत, तर नोंद कशाची करणार?

१९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परंडा हे तीन तालुके, ३४६ गावं. इथे कर्मचारीच गावोगाव जायचे. लोकांना गोळा करून सांगायचे की न भरणारी जखम, गाठ, गिळताना होणारा त्रास, बायकांच्या अंगावरून अवेळी जाणारं रक्त याकडे दुर्लक्ष करू नका. शंका वाटेल त्याला रुग्णालयात यायला तयार करायचे. एवढं करूनही बार्शीचे आकडे मुंबईपेक्षा बरेच कमीच राहिले. फक्त गर्भाशयमुखाचा कर्करोग ठळक होता आणि बायकांमध्ये तोच पहिल्या क्रमांकावर होता. पण आता त्या कमीपणाला आधार मिळाला होता, कारण कुणीतरी शोधून पाहिलं होतं.

मोजणाऱ्याने मोजायच्या गोष्टीत हात घालू नये, असं सांख्यिकीचा कर्मठ माणूस म्हणेल. बार्शीत हात घातला गेला आणि त्याचा परिणामही दिसला: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. १९९५ साली तसा शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. मला हा नियमभंग त्या नोंदणीचं सर्वांत मोठं काम वाटतं.

याच पायावर उस्मानाबाद जिल्ह्यातली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी उभी राहिली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे गावांनुसार चार गट पाडले. तीन गटांत एकेकदा तपासणी झाली: एकात हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची, एकात पेशींची, एकात ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षांचा पाठपुरावा २००९ साली छापून आला तेव्हा एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ बायका गेल्या होत्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. गावातला मृत्यू कुणी नोंदवलाच नसता, तर हे दोन आकडे मिळाले नसते. मात्र चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे कडक टीका झाली. ती टीका गैरलागू नाही. ज्या नोंदीमुळे एचपीव्ही तपासणीचा फायदा कळला, त्याच नोंदीत तपासणीविना राहिलेल्यांचे मृत्यूही मोजलेले आहेत.

उरलेल्या दोन पद्धतींनी त्या चाचणीत मृत्यू ठोसपणे कमी झाले नाहीत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दुसऱ्या चाचणीत, वारंवार केलेल्या ॲसेटिक आम्लाच्या तपासणीने ते ३१ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पहिली पसंती एचपीव्ही चाचणीला दिली. भारत सरकारच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र दर पाच वर्षांनी आम्लाचीच तपासणी सांगितली आहे. ती स्वस्त आहे, तिला प्रयोगशाळा लागत नाही.