दुसऱ्यांदा येणारा रक्तदाता

थॅलॅसेमियाचा तीव्र प्रकार असलेल्या बालकास दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि बहुधा ते जन्मभर चालते. एकदाच मोठा साठा करून ठेवावा, तर तेही शक्य नसते. तांबड्या पेशी शीतपेटीत 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट तर अवघे पाच दिवस. म्हणून रक्तपेढीचा खरा आधार म्हणजे पुनःपुन्हा येणारा दाता होय.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निर्णयानुसार 1 जानेवारी 1998 पासून भारतात पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. ते योग्यच झाले. विकत घेतलेले रक्त अधिक धोक्याचे असते, हे ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी 1970 सालीच मांडले होते. तथापि भारतात बराचसा भार रुग्णाच्या आप्तांवर पडला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भाऊ किंवा मेहुणा येतो, ‘बदली’ रक्त देतो आणि पुन्हा रक्तपेढीकडे फिरकत नाही. नकार देणे अवघड असल्याने एखादा आजार लपविण्याचा मोहही त्यास होऊ शकतो. ज्या मातापित्यांना दर महिन्यास असा कोणी शोधावा लागतो, त्यांची ओढाताण तर विचारूच नये.

मग दात्यास थोडा मोबदला दिला तर? स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे हा प्रश्न प्रयोगाने तपासला गेला. निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. 50 क्रोनर देऊ केल्यावर रक्तदात्या होण्यास तयार असलेल्या स्त्रियांचे प्रमाण 52 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर उतरले. पुरुषांत विशेष फरक आढळला नाही. तीच रक्कम धर्मादाय कार्यास देण्याची मुभा ठेवताच घट नाहीशी झाली! उलट अमेरिकेतील ओहायो राज्यात भेटपत्रिकांमुळे दाते वाढले. मात्र त्यांतील काही शेजारच्या शिबिरांतून वळलेले होते. तेव्हा एका प्रयोगावरून सरसकट नियम बांधणे उतावळेपणाचे ठरेल.

एकदा आलेला दाता परत का येत नाही, याचे उत्तर पुष्कळदा शिबिरातील खाटेवरच सापडते. ज्यास पहिल्याच वेळी भोवळ आली, तो सहसा दुसऱ्यांदा येत नाही. यावरील उपाय अगदी साधा आहे. रक्त देण्यापूर्वी सुमारे अर्धा लिटर पाणी प्यावे आणि सुई असताना मांड्यांचे स्नायू आळीपाळीने आवळावे व सैल सोडावे. याने भोवळीचे प्रमाण घटते, असे चाचण्यांत दिसून आले आहे.

याहून दुर्लक्षित वर्ग आहे, तो दारातूनच परत पाठविलेल्यांचा. भारतात दात्याच्या 100 मिलिलिटर रक्तात किमान 12.5 ग्रॅम हिमोग्लोबिन असावे लागते. स्त्री असो वा पुरुष, मर्यादा एकच. देशात स्त्रियांमध्ये पांडुरोग फार, त्यामुळे मोठ्या उमेदीने आलेल्या कित्येक तरुणी बोटाच्या टोचणीनंतर लगेच माघारी जातात. अडचण तात्पुरती असली, तरी असे परत पाठविलेले दाते पुढे कमी प्रमाणात येतात, हे अनेक देशांत आढळले आहे. ‘तुमचे रक्त चालत नाही’ एवढेच त्या तरुणीच्या कानी पडते. रक्त कमी का आहे, त्यावर कोणते उपचार घ्यावेत आणि पुन्हा केव्हा यावे, हे तिला सांगण्यास गर्दीच्या शिबिरात बहुधा कोणी मोकळे नसते.